केसांचं ग्रीस पाण्याला दोन्ही बाजूंनी अडवतं

खुर्चीत बसलेल्या मुलीच्या केसांवर मी स्प्रेच्या बाटलीतून पाणी मारलं, तर ते केसांत शिरलंच नाही. अळवाच्या पानावर राहावं तसं थेंब-थेंब होऊन वरच बसलं आणि तिने मान हलवताच घरंगळून अंगावरच्या केपवर पडलं. हात लावला तर केस कोरडे, खरखरीत; आणि हात काढला तर बोटांना मेणचट थर.

शिकागोच्या दक्षिण भागातलं आमचं पार्लर, जानेवारीतला शनिवार. मुलगी कॉलेजात शिकणारी, सोबत तिची आजी. मुलीचे केस अगदी घट्ट वेटोळ्यांचे, ज्याला इथे फोर-सी म्हणतात. ओढून सरळ धरले तर खांद्याखाली येतात, सोडले की कानापर्यंत आक्रसतात. तक्रार एकच: रोज रात्री ग्रीस, म्हणजे केसांना लावायचं डब्यातलं घट्ट मलम, लावते, तरी केस कोरडे आणि हात लावला की तुकडे पडतात. आजीच्या मते नात पुरेसं लावत नाही. नातीच्या मते ग्रीसनेच केसांचं वाटोळं केलं. आमच्या मालकीणबाईंची हयात याच कामात गेली आहे. त्यांनी दोघींचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, आधी डबा बघ.

डबा पर्समध्येच होता. कृष्णवर्णीय वस्तीतल्या कुठल्याही ब्यूटी सप्लायच्या दुकानात हे डबे रांगेने मांडलेले असतात: ब्लू मॅजिक, डॅक्स, रॉयल क्राउन, सल्फर एट. रंग वेगळे, वास वेगळे, पण गाभा बहुतेकांचा एकच. पेट्रोलेटम, म्हणजे आपण सरसकट ज्याला व्हॅसलीन म्हणतो ते, आणि मिनरल ऑइल. त्यात कुठे लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणारा स्निग्ध पदार्थ. कुठे मेण, कुठे गंधक. पाणी नाही. ज्यात पाण्याचा अंश नाही ती वस्तू केसाला ओलावा देणार कुठून?

पेट्रोलेटमचं काम अडवण्याचं. कातडीवर पातळ थर दिला की आतून उडून जाणारं पाणी ते जवळजवळ पूर्ण थांबवतं. फुटलेल्या ओठांना आपण ते लावतो ते याचसाठी. केसावरही तेच होतं. केस ओला असताना लावलं तर पाणी आत राहतं. कोरडा असताना लावलं तर बाहेरचं पाणी आत येत नाही, मग ते आंघोळीचं असो की महागड्या क्रीमचं.

आता आजीकडे वळायला हवं, कारण ती खोटं बोलत नव्हती. तिचे केस आयुष्यभर ग्रीसवर छान राहिले होते. पण ते केस ‘प्रेस’ केलेले होते. गॅसवर तापवलेला लोखंडी कंगवा मुळापासून टोकापर्यंत फिरवून वेटोळी सरळ करायची, ही जुनी पद्धत. अशा केसाला पाणी, घाम, पावसाळी हवा लागली की तो पुन्हा आक्रसतो. आजीच्या घरात ग्रीस लागायचं ते पाणी बाहेर ठेवायला. नातीने केस नैसर्गिक ठेवले आहेत आणि तिला पाणी आत ठेवायचं आहे. डबा तोच, काम बरोबर उलटं, आणि हे दोघींपैकी कोणीच कोणाला सांगितलेलं नव्हतं.

या डब्याला मोठा इतिहास आहे. सेंट लुइसमध्ये ॲनी मलोन यांची ‘पोरो’ आणि इंडियानापोलिसमध्ये मॅडम सी. जे. वॉकर यांची कंपनी, या दोन बायकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाळूच्या मलमांवर उद्योग उभे केले. वॉकरबाईंच्या मलमात पेट्रोलेटम आणि गंधक होतं. पोरोचं मुख्यालय १९३० साली शिकागोत आलं, आणि याच शहरात १९५४ साली जॉर्ज जॉन्सन यांनी जॉन्सन प्रॉडक्ट्स सुरू केली. ‘अल्ट्रा शीन’ ही केसांची उत्पादनं त्यांचीच. जॉन्सन प्रॉडक्ट्स ही १९७१ साली अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर नोंदली गेलेली पहिली कृष्णवर्णीय मालकीची कंपनी. तेव्हा ग्रीसला मागासलेलं म्हणून नाक मुरडणाऱ्यांचं मला फारसं पटत नाही.

मराठी वाचकाचा इथे एक गोंधळ होतो. आपण तेलाच्या संस्कारात वाढलेलो, म्हणून ग्रीस म्हणजे त्यांचं खोबरेल असं वाटतं. तसं नाही. मुंबईत मॅरिकोच्या प्रयोगशाळेतल्या रेले आणि मोहिले यांचं २००३ सालचं काम प्रसिद्ध आहे: खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची गळती कमी करतं, मिनरल ऑइल आत शिरत नाही, वरच राहतं. त्यामुळे खोबरेल धुण्याआधी लावायची गोष्ट आणि ग्रीस धुतल्यानंतरची. एकाची जागा दुसऱ्याला दिली की दोन्ही फुकट.

वेटोळ्या केसाला वरून काही लावावं लागतं त्याचं कारण त्याच्या आकारात आहे. टाळूतून निघणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून आपोआप खाली उतरतं. इथे प्रत्येक वळणावर ते अडतं, टोकापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय या केसाचा छेद गोल नसून चपटा, लंबगोल असतो, आणि वळणावर वरची खवल्यांची पापुद्री उचललेली राहते. पाणी तिथूनच उडतं आणि केस तुटतो तोही तिथेच. त्यात शिकागोचा हिवाळा, घराघरांत दिवसरात्र हीटर.

नातीला विचारत गेलो तसं चित्र स्पष्ट झालं. ग्रीस आजीच्या पद्धतीने: दोन बोटं भरून, कोरड्या केसांवर, टाळूला चोळून, रोज. धुणं मात्र नव्या नियमाने: सल्फेट, म्हणजे फेस करून तेल उतरवणारा घटक, असलेला शाम्पू केसांचा शत्रू, म्हणून नुसत्या कंडिशनरने. आजी दर पंधरवड्याला खमक्या शाम्पूने सगळं उतरवायची, ते नातीने गाळलं होतं. कंडिशनरला पेट्रोलेटम हलत नाही. रोजचा थर कालच्या थरावर, त्यात धूळ आणि उशीचा कापूस. कपाळाच्या कडेने बारीक बारीक पुटकुळ्या होत्या. ग्रीसमुळे येणाऱ्या या मुरमांना त्वचारोगतज्ज्ञ १९७० पासून ‘पोमेड ॲक्ने’ म्हणतात. टाळूवर पिवळट, तेलकट पापुद्रे. टाळूच्या तेलावर जगणारी मॅलॅसेझिया नावाची यीस्ट सगळ्यांच्याच डोक्यात असते. पापुद्रे धुऊन न काढता त्यावर थर देत गेलं की तिचं फावतं. आजी त्याला कोरडी टाळू समजून आणखी ग्रीस लावायला सांगत होती. पापुद्रा बारीक, पांढरा, झटकला की उडणारा असेल तर कोरडेपणा. पिवळट आणि नखाला चिकटणारा असेल तर तेलाने तो वाढतोच.

कामाला लागलो. केसांचे आठ भाग, प्रत्येकाला क्लिप. पहिली पायरी पाण्याची नाही. साचलेलं ग्रीस पाण्याने सुटत नाही, तेलात विरघळतं. म्हणून कोरड्याच केसांवर हलकं तेल, भागागणिक छोटा अर्धा चमचा, बोटांनी टोकाकडून वर, आणि पंधरा मिनिटं प्लास्टिकची टोपी. इथे कंगवा घातला तर मेणाने चिकटलेल्या बटा मधूनच तुटतात.

मग कोमट पाणी, साधारण ३८ ते ४० अंश सेल्सियस. पेट्रोलेटम अंगाच्या उष्णतेच्या आसपास मऊ पडतं, गार पाण्यात ते घट्टच राहतं. शाम्पू क्लॅरिफाइंग, म्हणजे सोडियम लॉरेथ सल्फेटचा. एक भाग शाम्पूत तीन भाग पाणी, टोकाच्या बाटलीतून थेट टाळूवर. पहिल्या हाताला फेस आलाच नाही. घाबरून शाम्पू वाढवायचा नसतो. शाम्पूचे रेणू ग्रीसला धरण्यात खर्ची पडतात, फेसाला उरत नाहीत. धुऊन टाकायचं आणि पुन्हा घ्यायचं. दुसऱ्यांदा करडा, विरळ फेस आला, तिसऱ्यांदा पांढरा. बोटांच्या पेरांनी, नखं न लावता, केस खालच्या दिशेला ठेवूनच. सगळे केस डोक्यावर गोळा करून चोळले तर उरलेला दिवस गुंता सोडवण्यात जातो. उतरलं की नाही हे कळतं ते पाण्याने: ओली बट गडद दिसते, जड होते आणि पिळली की पाणी सोडते.

क्लॅरिफाइंगनंतर केस उघडा पडलेला असतो. लगेच भरपूर कंडिशनर, टोपी, आणि डोक्यावर घुमटासारखा बसणाऱ्या हुड ड्रायरखाली वीस मिनिटं. त्यानंतर गुंता. आधी बोटं, मग मोठ्या दातांचा कंगवा, टोकाकडून मुळाकडे चढत. टोकांना एकेका केसाच्या स्वतःभोवती बसलेल्या बारीक गाठी होत्या. त्या सोडवायच्या भानगडीत न पडता कात्रीने उडवल्या.

मधल्या वेळात आजीने टोपी काढली. माथ्यावर मधोमध केस विरळ आणि कातडी गुळगुळीत, चकचकीत. गरम कंगव्याने ग्रीस मुळात उतरलं आणि केस जळाले, असं तिचं म्हणणं. हे तिने स्वतःच्या मनाने रचलेलं नव्हतं. १९६८ साली डॉक्टरांनी नेमकं हेच मांडलं होतं आणि आजाराला नावही ‘हॉट कोम्ब ॲलोपेशिया’ दिलं होतं. पुढे कधीच कंगवा न तापवलेल्या बायकांमध्येही तो दिसला, तेव्हा नाव बदलून सीसीसीए (माथ्याच्या मध्यापासून बाहेर पसरणारं, व्रण पाडणारं टक्कल) झालं, आणि २०१९ साली काही रुग्णांत पीएडीआय-३ या जनुकातले बदल सापडले. केसांची मुळं व्रण पडून कायमची बुजतात, पुन्हा उगवत नाहीत. म्हणून माथ्यावर दुखणं, खाज, विरळपणा यातलं काहीही सुरू झालं की तेल-मलम बदलत बसू नये. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन गरज पडली तर टाळूचा छोटा तुकडा तपासून घ्यावा. निदान करणं आमचं काम नाही, पण त्या माथ्याकडे आम्ही आरसा धरला. नातीलाही सांगितलं, कारण हे घराण्यात चालू शकतं.

शेवटी तोच डबा. मालकीणबाईंनी तो फेकून दिला नाही, याचं नातीला नवल वाटलं. केस जुन्या सुती टी-शर्टने टिपले: निथळणारे नकोत, पण हाताला स्पष्ट ओले लागले पाहिजेत. पाण्याचा, हलका लीव्ह-इन, म्हणजे धुऊन न टाकायचा, कंडिशनर आधी. मग ग्रीस चमच्याच्या दांड्याने काढायचं, बोटाने नाही. ओली बोटं डब्यात गेली की घाण आत जाते. एका भागाला हरभऱ्याएवढं. तळहातांवर चोळून पारदर्शक झालं की टोकांना आधी, मग मधे, आणि टाळूपासून दोन बोटं अंतर ठेवून थांबायचं. एवढ्या दाट केसांना सगळं मिळून एक छोटा चमचा पुरला. आजीच्या दोन बोटांत यापेक्षा कितीतरी जास्त यायचं.

प्रत्येक भागाचे दोन-पेडी पीळ घातले आणि पुन्हा ड्रायर, या वेळी तासभर. ग्रीसखालचं पाणी हळू सुकतं, पीळ आतून ओले राहिले तर दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो. ड्रायर मध्यम आचेवर. ग्रीस लावलेल्या केसांवर इस्त्री फिरवायची नाही. धूर येतो आणि केस भाजतो. सरळ करायचे असतील तर त्या धुण्याला ग्रीस वगळायचं.

घरी काय, हे लिहून दिलं. रोज ग्रीस नाही. आठवडाभराने, फार तर दहा दिवसांनी, सल्फेटच्या शाम्पूने दोन हात. मधे टोकं कोरडी वाटलीच तर ती ओली करून, मगच किंचित ग्रीस. रात्री सॅटिनची टोपी; सुती उशी ओलावा शोषते आणि तिच्यावरचं ग्रीस परत कपाळाला लागतं. टाळूचे पापुद्रे दोन-तीन धुण्यांत कमी झाले नाहीत तर डॉक्टर. नातीने नियम वाचून विचारलं, सल्फेटने केस कोरडे पडणार नाहीत का? नुसत्या सल्फेटने पडतात. ग्रीस वापरणाऱ्याला मात्र तो टाळता येत नाही. टाळायचाच असेल तर ग्रीसही सोडावं आणि शिया बटर किंवा तेलाकडे जावं, जे सौम्य शाम्पूने निघतं. दोन्ही चालतं, भेसळ चालत नाही.

हे सगळं शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी ऐकलं आणि तोच डबा आपल्या लॉक्ससाठी मागितला. मालकीणबाईंनी साफ नकार दिला. लॉक म्हणजे केसांची जमलेली जट. आत गेलेलं ग्रीस तीन काय, दहा हातांनीही निघत नाही, आतल्या आत करडा गाभा धरतं आणि मग जट कापण्यावाचून इलाज राहत नाही. त्यांना पाण्याचा स्प्रे आणि थेंबभर जोजोबा तेल देऊन पाठवलं.