देखभाल कमी लागणारी प्रवाळ-टाकी: पाणी भरण्याआधी घ्यायचे निर्णय

घरी समुद्री टाकी करायचे ठरले की बहुतेक जण आधी यंत्रांविषयी वाचू लागतात: पाण्यातील घाण फेसाबरोबर बाहेर काढणारा कोणता स्किमर घ्यावा, कोणता दिवा चांगला, मोबाईलवरून चालणारा कंट्रोलर हवा की नको. पुण्यातील आमच्या फ्लॅटमध्ये अशी टाकी उभी करताना माझे मत मात्र वेगळे झाले. पुढे रोज किती राबावे लागेल हे यंत्रांपेक्षा टाकीत कोणते जीव राहणार यावर जास्त अवलंबून असते, आणि तो निर्णय काच विकत घेण्याआधीच व्हायला हवा.

कठीण प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट शोषून आपला चुनखडीचा सांगाडा बांधतात. टाकीत ते जोमाने वाढू लागले की पाण्यातील कॅल्शियम आणि अल्कता (कार्बोनेटचे प्रमाण) रोज घटते, आणि ती भरून काढायला मोजमाप, रसायनांचे द्रावण आणि ते थेंबाथेंबाने सोडणारे पंप लागतात. मऊ प्रवाळ असा सांगाडा बांधत नाहीत. लेदर कोरल या प्रकाराच्या शरीरात चुनखडीचे बारीक कण तेवढे असतात, मश्रूम आणि झोअँथिड या प्रकारांत तेही नसतात. त्यामुळे त्यांची गरज पंधरवड्याला थोडे पाणी बदलून भागते, आणि माझ्या मते ‘कमी देखभाल’ या शब्दांचा खरा अर्थ एवढाच आहे. झोअँथिड, मश्रूम, लेदर आणि ग्रीन स्टार पॉलिप या चौघांवरच मी यादी थांबवली. ग्रीन स्टार पॉलिप गवतासारखा पसरतो, म्हणून त्याला मुख्य रचनेपासून दूर, एका सुट्या दगडावर ठेवावे.

या निवडीमागे कायद्याचेही कारण आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये प्रवाळभित्ती बांधणाऱ्या सर्व कठीण प्रवाळांचा आणि समुद्रपंख्यांचा (पंख्याच्या आकाराच्या प्रवाळांचा) समावेश झाला. मालवणच्या किनाऱ्यावरून ‘एखादा दगड’ उचलून आणण्याचा सल्ला मला अगदी सहजपणे दिला गेला होता, पण तेथील समुद्राचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा कायद्याच्या कक्षेत येतो. म्हणून प्रवाळभित्तीतून काढलेला तथाकथित ‘लाइव्ह रॉक’ न घेता मी कारखान्यात तयार होणारा सच्छिद्र दगड घेतला, आणि प्रत्येक जिवाचे बिल जपून ठेवले.

टाकीचे माप ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर आहे. हिशेबाने ती १८२ लिटरची भरते, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केल्यावर प्रत्यक्षात सुमारे १५० लिटर पाणी राहते. टाकी लहान म्हणजे काम कमी, असा समज सर्वत्र आहे, आणि तो उलटा आहे. तीस लिटरच्या टाकीत एक मासा मेला तर सारे पाणी बिघडते. दीडशे लिटरमध्ये तोच बिघाड निस्तरायला वेळ मिळतो. याहून मोठी टाकी मात्र मी वजनामुळे टाळली. काच, स्टँड, दगड आणि पाणी मिळून भार अडीचशे किलोच्या आसपास जातो आणि तो अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर पडतो. भारतीय मानकांप्रमाणे राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलो चलभार (माणसे आणि सामान यांचा भार) धरून आखलेला असतो. तेव्हा टाकी खोलीच्या मध्याकडे न ठेवता तुळईच्या वर, भिंतीला लागून ठेवणे शहाणपणाचे. शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे.

आपल्याकडे सर्वांत अवघड प्रश्न उष्णतेचा आहे. परदेशी मार्गदर्शनात हिटरवर पानेच्या पाने असतात, पण येथे एप्रिलमध्ये बंद घरातील पाणी सहज ३१ अंशांवर जाते. पाणी दीर्घकाळ ३० अंशांच्या वर राहिले की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारी, त्यांना अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले बाहेर टाकू लागतात आणि पांढरे पडतात. पाणी २५ ते २७ अंशांत ठेवायला पाणी थंड करणारे यंत्र, म्हणजे चिलर, हा हुकमी उपाय आहे, पण तो महाग आहे, वीज खातो, आवाज करतो आणि पाण्यातून काढलेली उष्णता त्याच खोलीत सोडतो. पुण्याचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडणारे दोन छोटे पंखे तापमान दोन-तीन अंशांनी उतरवतात, कारण बाष्प होणारे पाणी उष्णता घेऊन जाते. मुंबई किंवा रत्नागिरीच्या दमट हवेत हा उपाय तोकडा पडतो. तेथे चिलरचा खर्च आधीच धरलेला बरा. आमच्याकडे टाकीची खोली दुपारी पडदे ओढून बंद ठेवतात आणि दिवे सूर्यास्तानंतर लागतात, त्यामुळे दिव्यांची उष्णता दुपारच्या उष्णतेत मिसळत नाही. जानेवारीतील थंड रात्रींसाठी १०० वॅटचा एक हिटर पुरतो.

पंख्यांची किंमत मात्र बाष्पीभवनात मोजावी लागते. उन्हाळ्यात रोज दोनेक लिटर पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. आठवडाभर कोणी लक्ष दिले नाही तर १५० लिटरचे १३६ लिटर होतात आणि क्षारता (मिठाचे प्रमाण) हजारी ३५ वरून साडेअडतीसच्या वर चढते. म्हणून आपोआप पाणी भरणारे टॉप-अप यंत्र ही एकच स्वयंचलित सोय मी अत्यावश्यक मानतो. त्याच्या बादलीत नेहमी गोडे पाणीच असावे. बादलीही आटोपशीर ठेवावी, म्हणजे सेन्सर अडकला तरी सगळी बादली ओतली जाऊनही टाकी ओसंडणार नाही.

पाणी आरओ आणि त्यापुढील, उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय गाळणीतून शून्य टीडीएसचे (विरघळलेले क्षार नसलेले) केलेले असावे. मीठ समुद्री टाकीसाठी बनवलेलेच वापरावे, कारण स्वयंपाकाच्या मिठात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम यांचे समुद्रातील प्रमाण नसते. दर पंधरा दिवसांनी १५ लिटर पाणी बदलायला सुमारे साडेपाचशे ग्रॅम मीठ लागते. पितळेचा नळ किंवा तांबे असलेले औषध टाकीच्या आसपासही नको, कोळंबी आणि गोगलगाईंना ते विष आहे.

गाळणीचे खरे काम दगडातील जिवाणू करतात. ते अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, पण त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे जातात. या काळात टाकीत मासा न सोडता जिवाणूंचे खाद्य म्हणून बाटलीतील अमोनिया घालावा. दोन पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) अमोनिया एका दिवसात पूर्ण नाहीसा होऊ लागला आणि नायट्राइटही शून्यावर आले की टाकी तयार समजावी. त्यानंतर काही महिने तपकिरी आणि मग हिरवे शेवाळ येते. ते मारायला रसायने ओतण्याचा मोह होतो, पण गोगलगाई वाढवणे आणि खाणे कमी करणे एवढेच करावे. स्किमर आणि संप (टाकीखाली ठेवायची गाळणीची दुसरी टाकी) मी मुद्दाम घेतले नाहीत. इतक्या कमी माशांत त्यांच्याविना भागते आणि गळण्याच्या जागाही कमी होतात. दोन वेव्हमेकर, म्हणजे प्रवाह निर्माण करणारे छोटे पंप, पाणी हलते ठेवतात. त्यांपैकी एक इन्व्हर्टरवर आहे, कारण वीज गेल्यावर आधी संपतो तो पाण्यातील प्राणवायू. सर्व जोडण्या विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे आहेत.

मासे तीनच आहेत: क्लाउनफिशची जोडी आणि एक गोबी. क्लाउनफिश बंदिस्त टाक्यांत पैदास झालेलीच मागावी. मंडपम आणि विळिंजम येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रांनी तिच्या पैदाशीचे तंत्र केव्हाच बसवले आहे, त्यामुळे प्रवाळभित्तीतून पकडलेला मासा घेण्याचे कारण उरत नाही. निसर्गात क्लाउनफिश ज्याच्या आश्रयाने राहते ते समुद्रफूल (ॲनिमोन) मात्र घेऊ नये. ते जागा बदलत फिरते, वेव्हमेकरमध्ये अडकते, आणि क्लाउनफिशला त्यावाचून काही अडत नाही.

झोअँथिडबाबत एक सूचना गांभीर्याने घ्यावी. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्यांना कापू नये, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नये, कारण त्या वाफेने माणसे रुग्णालयात पोहोचली आहेत.

आता आठवड्याचे काम काच पुसणे, क्षारता मोजणे आणि बादली भरणे एवढेच आहे. गावाला जायचे झाले तर दर दिवसाचे खाणे औषधाच्या गोळ्यांच्या डबीतील कप्प्यांत मोजून ठेवतो आणि मूळ डबा कपाटात बंद करतो, कारण शेजारच्या काकूंना मासे नेहमी उपाशीच दिसतात.