लास्ट कॉल लागलेला मसुदा कसा वाचावा

इंटरनेटची तांत्रिक प्रमाणं ठरवणाऱ्या आयईटीएफचा मसुदा १८५ दिवसांत मुदतबाह्य होतो. आरएफसी, म्हणजे मंजूर होऊन निघालेला क्रमांकित दस्तऐवज, मात्र एकदा प्रसिद्ध झाली की तिच्यातला स्वल्पविरामही हलत नाही. म्हणून वर्किंग ग्रुपचा, म्हणजे मसुदा घडवणाऱ्या गटाचा, लास्ट कॉल (हरकती कळवायची शेवटची मुदत) लागल्यावर ‘पाठिंबा आहे’ एवढीच ओळ पाठवून काही साधत नाही. तिथे मतं मोजत नाहीत. आरएफसी ७२८२ तर सरळ सांगते की शंभर जण बाजूने आणि पाच विरोधात असले तरी सहमती झालेली नसू शकते, कारण त्या पाचांच्या आक्षेपाला उत्तर मिळालं का, हा खरा प्रश्न असतो. तेव्हा काय वाचलं, काय तपासलं आणि कुठे अडलं, ते लिहा.

वाचताना एकच कसोटी लावावी: एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोघांनी फक्त या मजकुरावरून कोड लिहिला, तर ते दोन्ही कोड एकमेकांशी बोलतील का?

ही कसोटी बहुतेक वेळा ‘मस्ट’च्या, म्हणजे सक्तीच्या, वाक्यांवर फसते. ‘हे राखीव बिट शून्य असलेच पाहिजेत’ हे वाक्य घ्या. पाठवणाऱ्याला काय करायचं ते कळलं, पण घेणाऱ्याला तिथे १ दिसला तर? एकजण पॅकेट टाकून देईल, दुसरा दुर्लक्ष करून पुढे जाईल. पाच वर्षांनी ते बिट वापरायची वेळ आली की पहिल्याच्या उपकरणांपाशी सगळं अडेल. मजकूर असा हवा: पाठवणाऱ्याने शून्य ठेवावं, घेणाऱ्याने त्याकडे बघू नये. प्रत्येक ‘मस्ट’पाशी ‘मोडलं तर काय?’ आणि प्रत्येक ‘शुड’पाशी (शिफारशीपाशी) ‘कधी न पाळलं तर चालेल?’ हे विचारायचंच. आरएफसी ८१७४ नंतर हे शब्द कॅपिटल अक्षरांत असले तरच त्यांना तो विशेष अर्थ असतो. त्यामुळे स्मॉल लिपीतला ‘मस्ट’ लेखकाने मुद्दाम तसा ठेवलाय की नजरचुकीने, तेही विचारा.

संदेशाच्या रचनेचं व्याकरण एबीएनएफ या ठरावीक लेखनपद्धतीत दिलं असेल तर ते डोळ्यांनी तपासू नका, पार्सरमधून (व्याकरण तपासणाऱ्या प्रोग्रॅममधून) काढा. अवतरणातली अक्षरं तिथे कॅपिटल-स्मॉल भेद पाळत नाहीत, हे अनेक लेखक विसरतात. भेद हवा असेल तर आरएफसी ७४०५ मधली खूण लावावी लागते. रिकामी यादी चालते का आणि लांबीच्या आकड्यात हेडर (संदेशाचा सुरुवातीचा भाग) धरलाय का, हेही बघा. उदाहरणातले हेक्स बाइट स्वतःच्या कोडने पुन्हा काढून जुळवा, कारण घाईतला प्रोग्रॅमर परिच्छेद सोडून उदाहरणच उचलतो. उदाहरणांतले आयपी पत्ते १९२.०.२.०/२४ सारख्या, उदाहरणांसाठी राखीव पट्ट्यांतलेच हवेत.

कागदावर बरोबर असलेला मसुदाही जाळ्यावर आपटतो. टीएलएस या इंटरनेटवरचा संवाद कूटबद्ध करणाऱ्या प्रोटोकॉलच्या १.३ आवृत्तीचे २८ मसुदे झाले. टीएलएसमध्ये समोरच्याने मागितलेली आवृत्ती सर्व्हरला माहीत नसेल तर त्याने स्वतःची सर्वांत वरची आवृत्ती कळवणं अपेक्षित होतं. प्रत्यक्षात कित्येक सर्व्हर नवा आकडा बघून कनेक्शनच तोडत. म्हणून जुन्या रकान्यात १.२ चाच आकडा, हेक्समध्ये ०३०३, कायमचा गोठवला आणि खरी आवृत्ती एका एक्स्टेन्शनमध्ये (जोड-रकान्यात) नेली. तरी मधली फायरवॉलसारखी उपकरणं अडवत होती, तेव्हा मसुदा २२ मध्ये हँडशेकला, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीच्या देवाणघेवाणीला, १.२ चं जुनं सत्र पुन्हा सुरू झाल्यासारखं रूप दिलं: सेशन आयडी भरलेला आणि निरर्थक ‘चेंज सायफर स्पेक’ संदेश. टीएलएस १.३ ची आरएफसी ८४४६ ऑगस्ट २०१८ मध्ये आली. उशीर झाला अशी ओरड तेव्हा होती, पण माझ्या मते तो वेळ सत्कारणी लागला. उलट वेब पानं पोचवणाऱ्या एचटीटीपी/२ मधली प्राधान्यक्रमाची गुंतागुंतीची रचना मे २०१५ मध्ये प्रमाण झाली, नीट फारशी कुणी अमलात आणली नाही आणि जून २०२२ च्या आरएफसी ९११३ मध्ये तिला निवृत्त करावं लागलं. निदान दोन स्वतंत्र कोड एखादं वैशिष्ट्य एकमेकांशी वापरून दाखवू शकत नसतील, तर ते कापा म्हणून सांगायला कचरू नका.

आपली भाषा जाणणाऱ्यालाच दिसतील असेही दोष असतात. डोमेन नावांच्या २००३ च्या नियमांत झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरांची जोडणी ठरवणारं अदृश्य चिन्ह, गुपचूप गाळला जायचा. म्हणजे र, हलन्त चिन्ह, जॉइनर, य असं टाइप केलेल्या ‘दऱ्या’चं थेट ‘दर्या’ व्हायचं, डोंगरातून समुद्रात! २०१० च्या आरएफसी ५८९२ ने जॉइनरला जागा दिली, पण हलन्त चिन्हाच्या लगेच पुढे असेल तरच. असा नियम समोर आला की आपल्या भाषेतले चार अवघड शब्द त्यातून काढून बघायलाच हवेत. हे काम दुसरं कोणी करणार नाही.

वर्किंग ग्रुपनंतर एरिया डायरेक्टरचं (त्या विषयक्षेत्राच्या प्रमुखाचं) वाचन, मग पूर्ण आयईटीएफचा लास्ट कॉल: ग्रुपच्या मसुद्याला किमान दोन आठवडे, वैयक्तिक मसुद्याला चार. प्रमाण मार्गावरचा (प्रमाण होऊ घातलेला) मसुदा केवळ माहितीपर आरएफसीवर विसंबत असेल, तर ते लास्ट कॉलच्या सूचनेत सहसा नमूद करावं लागतं. राहून गेलं तर लास्ट कॉल पुन्हा लावायची पाळी येऊ शकते. आयईएसजीमध्ये, म्हणजे एरिया डायरेक्टरांच्या मंजुरी देणाऱ्या मंडळात, एकाने जरी ‘डिस्कस’ (मंजुरी रोखणारा आक्षेप) नोंदवला तरी गाडी थांबते. तो शैलीवरून घालता येत नाही आणि काय केलं म्हणजे उठेल, हे त्यात स्पष्ट असावं लागतं. नसेल तर लेखकांनी नम्रपणे पण ठामपणे विचारावं.

मंजुरीनंतरही लक्ष ढळू देऊ नये. ज्या मसुद्यांवर हा अवलंबून आहे ते आले नसतील तर तो आरएफसी एडिटरच्या (संपादन करून प्रसिद्ध करणाऱ्यांच्या) रांगेत अडकतो. वेबआरटीसीचा (ब्राउझरमधल्या थेट ऑडिओ-व्हिडिओ संवादाच्या मसुद्यांचा) गठ्ठा असाच वर्षानुवर्षं अडकून जानेवारी २०२१ मध्ये बाहेर पडला. तरीही त्यातल्या आरएफसी ८८२९ आणि ८८४३ यांचं ‘बंडल’बाबत (अनेक प्रवाह एकाच जोडणीतून नेण्याबाबत) एकमेकींशी जुळेना. दोन्ही नव्याने लिहाव्या लागल्या: ८८४३ च्या जागी २०२२ मध्ये ९१४३ आणि ८८२९ च्या जागी २०२४ मध्ये ९४२९. एकमेकांवर विसंबलेले दस्तऐवज शेजारी-शेजारी उघडून वाचायला हवेत, ते यासाठी.

शेवटचा टप्पा ‘ऑथ ४८’, म्हणजे लेखकांची अंतिम तपासणी. नावातले ४८ तास बहुतेकदा आठवड्यांवर जातात, कारण मुखपृष्ठावरच्या प्रत्येक लेखकाने मेलवर होकार द्यावा लागतो. इथे संपादकाच्या प्रश्नांना उत्तरं देताना जुना-नवा फरक ओळीओळीने बघा. वाक्य सोपं करताना ‘फक्त’ हा शब्द एक जागा सरकला तरी अर्थ बदलतो. तांत्रिक बदल करायचा तर एरिया डायरेक्टरची संमती लागते. यानंतर सापडलेली चूक इराटा (शुद्धिपत्र) म्हणून नोंदवता येते, पण मूळ मजकूर तसाच राहतो. आणि ‘पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवलं’ असा शेरा मिळालेली नोंद ती आवृत्ती कोणी लिहायला घेईपर्यंत तिथेच पडून राहते.