बाजार रोडवरचं जुनं दुकान

आमचं गाव शकुंतलेच्या, म्हणजे विदर्भातल्या छोट्या रेल्वेगाडीच्या, मुर्तिजापूर-यवतमाळ लाइनवरचं. तिथल्या बाजार रोडवरच्या जुन्या जनरल स्टोअरची बिल्डिंग पाडून कॉम्प्लेक्स होणार असं कानावर आलं तेव्हापासून मी दिसेल त्या म्हाताऱ्या माणसाला तिच्याबद्दल विचारत सुटलोय, कारण माझं ठाम मत आहे की आमच्या गावाचा इतिहास ग्रामपंचायतीच्या दप्तरात कमी आणि या दुकानात जास्त सापडतो.

आधी ओटा बघा. कमरेएवढा उंच, म्हाताऱ्यांना चढवत नाही. पुष्कळ जण सांगतात पावसाच्या पाण्यासाठी. शेजारचे आबाजी म्हणाले, "पान्यासाठी नाई बाप्पा, बंडीसाठी हाय. बंडी मांगून लावली का पोतं सरकवलं वरते." बंडी म्हणजे बैलगाडी.

इथे किराणा आणि कापूस हा एकच धंदा होता. शेतकरी पेरणीपासून मीठ, तेल, मिरची, पोळ्याला बैलांचा साज सगळं उधारीवर न्यायचा आणि दिवाळीच्या आसपास कापूस निघाला की तो इथेच आणून टाकायचा, मग खात्यावर काट मारली जायची. शेट लोक देवमाणसं होते असं मी म्हणत नाही, भावात मार बसायचाच, व्याज वेगळं, पण श्रावणात घरात दाणा नसताना दुसरं दार कुठलं होतं? मागचं ते बिनखिडक्यांचं गोडाऊन, वरती नुसते झरोके, ते या कापसाचं. इथून माल जिनिंगला, म्हणजे सरकी काढायला, गाठी शकुंतलेनं मुर्तिजापूरला, तिथून मेन लाइननं मुंबईकडे, आणि परत येताना त्याच गाडीनं साखर, चहा, काडेपेट्या. अडीच फुटी रुळावरची एवढीशी गाडी, 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली, अख्ख्या दुकानाचा माल तिच्यावर!

1972 ला एकाधिकार कापूस खरेदी आली आणि खासगी व्यापाऱ्याला कापूस घ्यायला बंदी झाली. कापूस सरकारसाठी खरेदी करणाऱ्या फेडरेशनच्या सेंटरवर जायला लागला, पैसे हप्त्याहप्त्यानं. गोडाऊन रिकामं. मग मालकांनी मधे भिंत घालून जागा लहान केली, पुढच्या बाजूला वह्या, रिबिनी, बांगड्या, टॉर्चचे सेल ठेवायला घेतले आणि पाटीवर किराणाच्या जागी जनरल स्टोअर्स आलं. ती भिंत अजून वेगळी दिसते, बाकीचं बांधकाम चुन्याचं आणि ही सिमेंटची.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो गल्ल्याजवळचा सागवानी खांब. 1957 च्या एप्रिलमध्ये रुपयाचे 16 आणे जाऊन 100 नवे पैसे आले तेव्हा गिऱ्हाइकांची भांडणं होऊ नयेत म्हणून त्याच्यावर ऑइलपेंटनं तक्ता काढलाय, 1 आणा 6 पैसे, 3 आणे 19, 4 आणे 25. 3 आण्यांचे पावणेएकोणीस होतात, पाव पैसा देणार कुठून, म्हणून 19.

आणि दार म्हणजे खाचेत बसवायच्या सुट्या फळ्या, प्रत्येकीवर नंबर कोरलेला. भिंत इतकी दबलीय की 4 नंबरची फळी 5 च्या जागी बसतच नाही. सागवान घेणारे येऊन भाव करून गेलेत.

मालकांना मी विनंती केली की पाडायच्या आधी आतून फोटो आणि मोजमाप घेऊ द्या आणि खांब गावच्या वाचनालयाला द्या. खांबाला ते हो म्हणालेत. फळ्यांचं अजून नक्की नाही, मी परत जाणार आहे. तुमच्यापैकी कोणाकडे जुन्या पाटीचा किंवा स्टेशनच्या मालधक्क्याचा फोटो असेल तर प्लीज पाठवा, घरातल्या लग्नाच्या फोटोत मागे दिसत असेल तरी चालेल.