आंबोलीत मॉस-लिव्हरवर्टचा सर्व्हे: काय दिसलं, कसं नोंदवलं आणि जाणाऱ्यांनी काय सोबत न्यावं

गणपती झाल्यावर आंबोलीला जाऊन आलो, धबधबा बघायला नाही, मॉस, लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्ट (फुलं न येणाऱ्या, शेवाळासारख्या बुटक्या वनस्पती) कुठे कुठे वाढतात त्याची नोंद करायला. आम्ही चौघं होतो, दोघं बॉटनीवाले आणि दोघं हौशी. आंबोली म्हटलं की लोक बेडूक आणि सापांसाठी जातात, या वनस्पतींसाठी कोणी थांबत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी सीझनचं बोलतो. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं हिरवंगार असतं खरं, पण वर्षाला ७००० मिमीच्या आसपास पाऊस पडणारं गाव आहे ते, तेव्हा भिंगावर पाणी, वहीवर पाणी आणि जंगलात दुपारी पण अंधार. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर बेस्ट. पाऊस कमी झालेला, ओल टिकून आणि बऱ्याच मॉसना बीजाणूंच्या कुप्या आलेल्या असतात. कुपी नसेल तर कितीतरी मॉस जीनसपर्यंतसुद्धा (म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत) ओळखता येत नाहीत. फक्त रिक्सियासारखे लिव्हरवर्ट, जे मोकळ्या मातीवर गोल चकत्यांसारखे पसरतात, ते जून-जुलैपासूनच येतात आणि माती वाळली की संपतात, त्यांच्यासाठी वेगळी खेप करावी.

रूट असा ठेवला: सावंतवाडी, मग घाटाच्या पायथ्याचं दाणोली, मग घाटरस्ता, वर साधारण ७०० मीटरवर आंबोली, आणि तिथून महादेवगडाकडचं जंगल आणि चौकुळचा सडा (खडकाळ पठार). प्रत्येक ठिकाणी सारखेच प्रश्न: मातीवर काय आहे, जांभ्या दगडावर काय, सालीवर काय, कुजक्या लाकडावर काय, पानावर काय. झाडांसाठी तारेची १० बाय १० सेंमीची चौकट, छातीच्या उंचीवर, खोडाच्या चारही बाजूंना लावायची. चौकटीत काहीच नसेल तर तेही लिहायचं, हे फार महत्त्वाचं, कारण कुठे आहे याच्याइतकंच कुठे नाही यावरून वितरण कळतं. लोक फक्त सुंदर दिसलेल्याचे फोटो काढून येतात आणि मग त्या डेटाचा काही उपयोग होत नाही.

आता काय दिसलं. खाली सावंतवाडीच्या बाजूला नारळाच्या बुंध्यांवर ऑक्टोब्लेफारम हा मॉस, पांढुरका हिरवा, एकदा ओळखला की लांबूनही ओळखू येतो. जांभ्याच्या गडग्यांवर (दगडी कुंपणांवर) हायोफिला हा मॉस सगळीकडे, वाळला की पानं आत वळतात आणि तपकिरी दिसतो, स्प्रेने पाणी मारा, बघता बघता उघडतो. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय त्या ओल्या कापावर फिसिडेन्स (पानं दोनच ओळीत, चपटा) आणि फिलोनोटिस हे मॉस, आणि मातीवर हॉर्नवर्ट, त्यांच्या शिंगासारख्या कुप्या टोकाकडून दुभंगत होत्या. जांभ्याच्या अंधाऱ्या पोकळीत टॉर्च न लावता डोकावलात तर सायाथोडियम मिळतो, हा लिव्हरवर्ट कमी उजेडात सोनेरी-हिरवा चमकतो, आम्ही सगळे त्या एका खळग्यापाशी बराच वेळ बसून होतो आणि मला वाटतं आख्ख्या ट्रिपमधली ती सगळ्यात भारी गोष्ट होती.

वर गेल्यावर झाडांची गंमत सुरू होते. मॉसला मुळं नसतात, पाणी अंगभर शोषलं जातं, त्यामुळे धुकं जिथे अडतं तिथे फांद्यासुद्धा भरलेल्या, लोंबणारे मॉस पण तिथेच. आंबा, जांभूळ अशा खरबरीत सालीवर चौकट भरून जायची आणि शेजारच्या पेरूवर जवळजवळ शून्य, कारण त्याची साल सुटून पडते. उंचीपेक्षा साल आणि धुकं जास्त ठरवतं असं माझं स्पष्ट मत झालंय. फ्रुलानिया या लालसर तपकिरी लिव्हरवर्टला सालीवर भिंगाखाली बघाच, पानाच्या खालच्या बाजूला बारीक टोप्या असतात, त्यात पाणी साठतं आणि त्या पाण्यात सूक्ष्म जीव राहतात. सावलीतल्या झुडपांच्या पानांवर लेज्युनियाच्या कुळातले अगदी चिकटून वाढणारे दिसले, पान थोडं तिरकं धरून उजेडात बघितल्याशिवाय ते दिसतच नाहीत.

नवीन माणसाचा घोळ होतो तो इथे: सेलाजिनेला मॉससारखी दिसते पण नेच्याच्या (फर्नच्या) बाजूची आहे, सालीवरचे पारदर्शक पातळ पानांचे नेचे लिव्हरवर्ट वाटतात पण त्यांच्या पानात शिरा स्पष्ट असतात, आणि खोडावरचा केशरी थर म्हणजे ट्रेंटेपोहलिया, ती हिरव्या शैवालांपैकी आहे. पानाला मध्यशीर असली तर बहुतेक मॉस, पानं दुभंगलेली आणि शीर नसलेली असली तर लिव्हरवर्टकडे जा, हा नियम शंभर टक्के नाही पण सुरुवातीला पुरतो.

सामान: १०एक्स भिंग पुरतं, २०एक्स असेल तर उत्तम, गळ्यात दोरीने अडकवा. पाण्याचा छोटा स्प्रे, पट्टी, फोनला मॅक्रो लेन्स, आणि पेन्सिल, पेनची शाई ओलीत पसरते. प्रत्येक नोंदीचे चार फोटो: आजूबाजूची जागा, मॉसची पूर्ण गादी (पसरलेला पुंजका), जवळून पान, कुपी. तारीख, जीपीएस, उंची, कशावर वाढलाय आणि ऊन की सावली हे तिथेच लिहा, रूमवर जाऊन काही आठवत नाही.

नमुने गोळा करायचे असतील तर वनविभागाची लेखी परवानगी लागते, आणि ती आधी अर्ज करून घ्या. आम्ही जंगलात फक्त फोटो काढले, मायक्रोस्कोपसाठी नखाएवढे तुकडे घेतले ते खाली एका घराच्या गडग्यावरचे, मालकांना विचारून. हिरण्यकेशीचा परिसर २०२१ पासून जैवविविधता वारसा स्थळ आहे, तिथे काहीही खरवडू नका. परवानगी असेल तर कागदाच्या पुड्या वापरा, प्लास्टिकमध्ये बुरशी येते. आंबोलीत काही वाळत नाही, सावंतवाडीला उतरून पंख्याखाली वाळवा. पण लिव्हरवर्ट वाळवण्याआधी ताजाच मायक्रोस्कोपखाली बघून घ्या, पेशीतले तेलाचे थेंब ओळखायला लागतात आणि वाळल्यावर ते नाहीसे होतात.

जळवा असणारच. गुडघे टेकून काम करायचं असतं त्यामुळे जास्तच चढतात, लीच सॉक्स घ्या. रिपेलंट फक्त मोज्यांवर, हाताला नको, तेच हात नमुन्यांना लागतात. खोडाला तोंड लावून भिंग धरायच्या आधी आजूबाजूच्या फांद्या नीट बघा, इथे मलबार पिट व्हायपर आहे आणि तो शेवाळलेल्या फांदीवर अजिबात वेगळा दिसत नाही. घाटात काम वीकडेलाच करा, सकाळी लवकर, आणि चमकणारं जॅकेट घाला, धुक्यात गाड्यांना तुम्ही दिसत नाही.

मे महिन्यात कोणी जाणार असेल तर जरूर सांगा, महादेवगडाच्या वाटेवरच्या चौकटी लावलेल्या झाडांचे जीपीएस पॉइंट देतो, तीच झाडं उन्हाळ्यात बघायला हवीत, आणि तेव्हा स्प्रे मारून मगच शून्य लिहा.