आमची वाटचाल : आधी मजकूर, मग नक्षी

दादर पश्चिमेला एका छापखान्याच्या पोटमाळ्यावर २००८ साली आम्ही दोघांनी वेबसाइट बनवण्याचं काम सुरू केलं. भांडवल म्हणजे दोन संगणक, एक यूपीएस आणि छापखान्याच्या मालकांच्या ओळखी. पत्रिका, बिलबुकं छापायला आलेल्या दुकानदारांना ते सांगायचे, "वर आपलीच पोरं बसतात, वेबसाइट पण करून देतात." पहिली बरीच वर्षं कामं अशीच जिना चढून आली.

तेव्हा जाणकारांमध्ये टेबलांची रचना मागे पडून फ्लोटची, म्हणजे सीएसएसने (पान सजवायच्या भाषेने) डबे डावी-उजवीकडे सरकवून रकाने पाडण्याची, चलती झाली होती. पण आमच्या गिऱ्हाइकांच्या ऑफिसात २००१ सालचा इंटरनेट एक्स्प्लोरर ६ हा ब्राउझर ठाण मांडून बसला होता. डावीकडे फ्लोट केलेल्या डब्याला डावीकडून १० पिक्सेल समास दिला, की हा पठ्ठ्या २० करायचा. उतारा काय, तर त्याच डब्याला 'डिस्प्ले इनलाइन' लिहायचं. का, ते विचारायचं नाही. असे उतारे आम्ही एका वहीत उतरवून ठेवत होतो. त्या वहीचा आज काडीचा उपयोग नाही, तरी भागीदार ती रद्दीत घालू देत नाही.

खरा घोळ मराठीचा होता. छापखान्यातला सगळा मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरांची एकच संकेतपद्धत, येण्याआधीच्या फाँटांमध्ये टाइप केलेला. तो पानावर टाकला, आणि बघणाऱ्याच्या संगणकात नेमका तोच फाँट नसला, की कंसांची आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. म्हणून सर्रास मराठी मजकुराचं चित्र करून चिकटवायची पद्धत होती. आम्ही त्याला पहिल्यापासून नाही म्हटलं. चित्रातला मजकूर शोधात सापडत नाही, कॉपी होत नाही, मोठा केला की फुटतो. विंडोजमध्ये मंगल फाँट होताच, तोही आपल्या सुलेखनकार र. कृ. जोशींनी रेखलेला. फक्त विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागे. ती कशी करायची याचा एक कागदच आम्ही छापून घेतला होता, बिलासोबत द्यायला. युनिकोडमध्ये मजकूर पुन्हा टाइप करण्याचे पैसे मागितले की गिऱ्हाईक कुरकुर करायचं, आणि काही कामं त्यापायी हातची गेलीही. पण तेव्हा ज्यांचा मजकूर आम्ही नीट करून घेतला, त्यांच्या साइटचं रूप पुढे कितीदा पालटलं तरी मजकुराला हात लावावा लागलेला नाही.

मे २०१० मध्ये वेब डिझायनर ईथन मार्कोट यांचा रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनवरचा लेख आला. लवचीक रकाने, लवचीक चित्रं आणि मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीप्रमाणे वेगळे नियम लावायची सोय), एवढ्यावर एकच पान मोठ्या पडद्यावरही बसतं आणि फोनवरही. आम्ही हरखलो, गिऱ्हाइकं नाही. "फोनवर कोण बघतंय?" हा ठरलेला प्रश्न. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि तो प्रश्न विचारणारेच फोन करू लागले, की आमची साइट मोबाइलवर आडवी का सरकते. त्यानंतर मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींत सीएसएस ग्रिड, म्हणजे पान आडव्या-उभ्या चौकटींत मांडायची सोय, आलं आणि फ्लोटची कसरत एकदाची संपली. आज आमच्याकडे येणाऱ्या मुलांना क्लिअरफिक्स (फ्लोट आवरायचा जुना उतारा) सांगावं लागत नाही. हेवा वाटतो.

ऑफिसातला सर्वांत महत्त्वाचा माणूस म्हणजे एक जुना, स्वस्त अँड्रॉइड फोन. कोपरा फुटलेला, मेमरी कायम भरलेली. कुठलंही काम त्याच्यावर उघडून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाला दाखवायचं नाही, हा नियम. संगणकातल्या क्रोमवर नेटचा वेग कमी करून बघता येतं, पण कमजोर प्रोसेसरचं दुखणं कळायला तसा फोनच हातात हवा. चित्र एकदा उतरलं की दाखवलं, संपलं. जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला हालचाल देणारा कोड, उतरवावी लागते, वाचावी लागते आणि मग चालवावीही लागते. म्हणून केटरिंगवाल्याच्या पाच पानांच्या साइटला फ्रेमवर्क (जावास्क्रिप्टचा आयता, जड सांगाडा) लावण्याच्या आम्ही साफ विरोधात आहोत. मेन्यू साध्या एचटीएमएलमध्ये (मजकूर मांडायच्या भाषेत) लिहा, सीएसएसने सजवा, जावास्क्रिप्ट लागेल तेवढीच. मुलाखतीला येणाऱ्या पोरांना हे जुनाट वाटतं. वाटू दे.

चित्रांचा धडा आम्हाला एका साडीच्या दुकानाने दिला. फोटोग्राफरकडून आलेल्या फायली अवाढव्य, आणि दुकानातली माणसं त्या तशाच चढवायची. सरसकट दाबून लहान केल्या तर पैठणीच्या पदरावरचा मोर धुरकट व्हायचा, आणि गिऱ्हाईक तर पदरच बघायला आलेलं असतं. शेवटी यादीत लहान वेबपी (हलक्या फायलींचा चित्रप्रकार) आणि बोट लावल्यावरच मोठं चित्र, असा तोडगा काढला. प्रत्येक चित्राला रुंदी-उंची लिहायचीच, म्हणजे ब्राउझर आधीच जागा राखून ठेवतो आणि वाचता वाचता मजकूर खाली उडी मारत नाही. पहिल्याच पडद्यावरच्या मोठ्या चित्राला 'लेझी' (पडद्याजवळ आल्यावरच उतरव) लावायचं नाही, ते उलट उशिरा येतं. गूगलच्या मापात पानावरचा सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांत दिसायला हवा आणि मजकूर असा हलण्याचा आकडा ०.१ च्या आत हवा. मार्च २०२४ पासून बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद, हेही त्यात आलं. साध्या पानांना हे फारसं झगडावं न लागता जमतं.

आता देवनागरी. यावर मी तासभर बोलू शकतो, भागीदार बोलू देत नाही. आयत्या थीम इंग्रजी मजकूर धरून बेतलेल्या असतात. शीर्षकाला लाइन-हाइट (अक्षराच्या मापाच्या किती पट ओळीची उंची) १.१ दिलेली असते. रोमन अक्षरांना ती खुलून दिसते. आपल्याकडे वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर आपटतो. डब्याला ओव्हरफ्लो हिडन (बाहेर गेलेलं लपव) असेल तर रफार चक्क कापला जातो. एका पतपेढीच्या पानावर 'कर्ज'चं 'कज' झालेलं आम्ही पाहिलं आहे. आम्ही शीर्षकाला १.४ च्या आसपास आणि मजकुराला १.७ ठेवतो. लेटर-स्पेसिंग शून्य, कारण अक्षरं ताणली की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. फाँटात ठळक वजन नसेल तर ब्राउझर स्वतःच अक्षर जाड करतो आणि जोडाक्षरांची पोटं बुजतात. तेव्हा खरं ठळक वजन घ्या, नाहीतर ब्राउझरचं हे जाड करणं (फाँट-सिंथेसिस) बंद करा. मुक्त आणि बलू हे मुंबईच्याच 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या मंडळींचे फाँट आम्ही बरेच वापरतो. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटाची फाइल जड असते, म्हणून दोनच वजनं, वॉफ२ या दाबलेल्या फाँट-प्रकारात, आणि फाँट-डिस्प्ले स्वॅप, म्हणजे तोवर संगणकातला फाँट दाखव. फाँट येईपर्यंत माणसाने कोऱ्या पानाकडे का बघत बसायचं? आणि एचटीएमएलच्या पहिल्याच ओळीत भाषा 'एमआर' (मराठीचा संकेत) लिहायची. फाँटात सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, आणि पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी आवाज निवडता येतो.

हीच पतपेढी पुढे आमच्याकडे आली. सभासदांसाठीचा अर्ज त्यांनी आधी दुसरीकडून करून घेतला होता आणि म्हातारी माणसं तो अर्ध्यावर सोडून शाखेत येत होती. व्यवस्थापक म्हणाले, "अहो, लोकांना आपलंच नाव टाकता येईना." बघितलं तर नावाच्या रकान्यात फक्त ए ते झेड चालत होतं. मोबाइल नंबरचं तेच. कीबोर्ड मराठी ठेवलेला माणूस ९८ असं देवनागरीत लिहितो, आणि जावास्क्रिप्टमधली अंकांची नेहमीची तपासणी फक्त रोमन अंक ओळखते. वर रकाना 'नंबर' प्रकारचा, तो देवनागरी अंक घेतच नाही. आम्ही रकाना साध्या मजकुराचा केला, इनपुटमोड न्यूमेरिक दिला म्हणजे फोनवर आकड्यांचा कीपॅड येतो, आणि आलेले देवनागरी अंक आतल्या आत रोमन करून घेतले. काम दहा ओळींचं. ओटीपीच्या रकान्याला ऑटोकम्प्लीट लावलं, म्हणजे आलेला आकडा फोनच सुचवतो, अक्षर १६ पिक्सेलच्या खाली जाऊ दिलं नाही, कारण त्याहून लहान असलं की आयफोन रकान्यावर बोट ठेवताच पान मोठं करून टाकतो. रकान्याचं नाव आतल्या फिकट अक्षरांत नको, वर कायमचं लेबल हवं. चूक झाली तर तिथेच, शेजारी, मराठीत सांगायचं, नुसती लाल चौकट पुरत नाही.

एक सभासद अंध आहेत, टॉकबॅक (पडदा वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) लावून फोन वापरतात. 'पुढे' हे बटण त्यांच्या फोनला बटण म्हणून कळतच नव्हतं, कारण ते रंगवलेलं डिव्ह, म्हणजे नुसता डबा, होतं. खरं बटण वापरलं की टॅब, एंटर, स्पेस सगळं फुकटात मिळतं. मजकूर आणि पार्श्वभूमीचं कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) ४.५ ला १ ठेवायचं, हेही त्याच कामात कायमचं ठरून गेलं. फिकट करड्या अक्षरांवर जीव असलेल्या डिझायनरांशी यावरून अजून वाजतं.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये किराणा, फराळ, औषधं, सगळ्यांनाच एकदम ऑर्डरची पानं हवी होती, त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल. त्याच वर्षाअखेर फ्लॅश (ब्राउझरात हालती चित्रं-खेळ दाखवणारं प्लगइन) बंद झालं आणि २०२२ च्या जूनमध्ये इंटरनेट एक्स्प्लोररही निवृत्त झाला. आमच्याकडे त्या दिवशी वडापाव आला होता.

सध्या पतपेढीचं व्याज काढायचं पान हातात आहे. ब्राउझरला 'एमआर-आयएन' (मराठी, भारत) सांगितलं की तो १,५०,००० असे लाख-हजारांचे स्वल्पविराम आणि देवनागरी अंक आपसूक देतो. संचालक खूश, पण काउंटरवरच्या मुली नाराज, कारण पासबुकावर खाते क्रमांक रोमन अंकांत असतो आणि जुळवताना डोळे फिरतात. तेव्हा रकमा आणि तारखा देवनागरीत, खाते क्रमांक पासबुकावर आहे तसाच, यावर मंगळवारच्या बैठकीत मांडवली झाली.