आमची वाटचाल: दोऱ्याचं शेवटचं टोक

गरवायचे रॉड बांधायचा आमचा धंदा दुरुस्तीतून सुरू झाला. अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात खाडीवर जिताड्यासाठी गरवणारे पूर्वीपासून आहेत, पण त्यांच्या हातात तंगूस, म्हणजे नायलॉनची एकपदरी दोरी, आणि गरी असायची. रॉड-रील घेऊन उभे राहणारे अलीकडचे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणारे तर आणखी अलीकडचे. रॉड भारी किमतीचे, आणि खाऱ्या पाण्याला किमतीशी काही देणंघेणं नाही. रॉडवरच्या ज्या कड्यांतून दोरी जाते ते गाइड. स्टीलच्या गाइडचा पाय गुंडाळलेल्या दोऱ्याखाली आणि त्यावरच्या इपॉक्सीच्या कडक लेपाखाली झाकलेला असतो. तिथे एकदा खारट पाणी शिरलं की ते सुकत नाही, आतल्या आत गंज धरतो. वर तांबूस डाग दिसेपर्यंत पाय पोखरलेला असतो. असे रॉड लोक माझ्याकडे आणून टाकायचे आणि विचारायचे, ‘होईल का काही?’ 2016 साली मी नोकरी सोडली तेव्हा घराच्या पडवीत असे बरेच रॉड कोपऱ्यात उभे होते. तेच आमचं भांडवल.

दुसरं भांडवल म्हणजे माझ्या वहिनी. साड्यांना फॉल-पिको करण्यात त्यांची हयात गेलेली. गाइडवर दोरा गुंडाळायचं काम मी त्यांना दाखवलं आणि लवकरच त्यांनी मला त्या टेबलावरून उठवलं. ‘भाऊजी, तुम्ही घासकाम बघा, दोरा माझ्याकडे द्या.’ तेव्हापासून गाइडच्या पायाला कानस मारून निमुळता करणं, ब्लँकचा, म्हणजे गाइड न लावलेल्या कोऱ्या रॉडचा, कणा (ताठ बाजू) शोधणं, रॉड वाकवून गाइडच्या जागा ठरवणं, हे माझं. दोरा त्यांचा.

दुरुस्तीच्या कामात जुनी बांधणी ब्लेडने सोलावी लागते. त्यात दुसऱ्याचं काम आतून बघायला मिळतं, आणि हे शिक्षण फुकट असतं. आम्ही सोललेल्या गाइडमध्ये गंजाची सुरुवात बहुतेक वेळा एकाच ठिकाणी दिसायची. बांधणी जिथे संपते, दोऱ्याचं टोक जिथे आत दडवलेलं असतं, तिथे वेढ्यांमध्ये बारीक फट राहिलेली असायची. इपॉक्सी घालताना त्या फटीत हवेचा बुडबुडा अडकतो, पुढे तो फुटतो किंवा तडकतो, आणि पाण्याला दार मिळतं. म्हणून आमच्याकडे सगळ्यात जास्त चर्चा, आणि कधी कधी भांडणंसुद्धा, ब्लँक किंवा गाइडवरून झाली नाहीत. ती झाली टोक आत ओढायच्या लूपवरून. गिऱ्हाइकाला हे सांगितलं तर हसतो.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोरा ब्लँकवर सुरू करून गाइडच्या पायावर चढवत रिंगच्या दिशेने न्यायचा. शेवटचे सहा-आठ वेढे उरले की एक दुहेरी केलेला बारीक धागा, म्हणजे लूप, बांधणीवर आडवा ठेवायचा, त्याचं बंद तोंड रिंगकडे. उरलेले वेढे त्याच्यावरून घ्यायचे. मग बोटाने वेढे दाबून धरून दोरा कापायचा, टोक लूपच्या तोंडात घालायचं आणि मागून लूप ओढायचा. पायजम्यात नाडी ओवावी तसं ते टोक वेढ्यांखालून मागे निघतं. गाठ कुठेच नाही. इपॉक्सी बसेपर्यंत ती सगळी बांधणी त्या सहा-आठ वेढ्यांच्या दाबावर टिकलेली असते.

अडचण अशी की लूप दुहेरी असतो आणि त्यात दुमडलेला दोराही दुहेरी होतो. म्हणजे घट्ट वेढ्यांखालून क्षणभर चार पदर जातात. लूप जाड असेल तर वेढे उचलले जातात आणि मागे घळ राहते. लूप खरखरीत असेल तर तो वेढ्यांना सोबत ओढतो. आणि फार मऊ असेल तर त्याचं तोंड उघडंच राहत नाही. मग दोरा ओवणार कसा?

बहुतेकजण सुरुवात करतात तशी आम्हीही बांधणीच्याच दोऱ्याचा तुकडा दुमडून केली. फुकटचा माल. पण नायलॉनवर नायलॉन घासतं आणि ओढताना लूपच तुटतो. मग तंगूस. तंगुसाचा मोठा गुण म्हणजे तो ताठ असतो, तोंड आपोआप उघडं राहतं, आणि वयस्क डोळ्यांना हे फार सोयीचं. नवीन शिकणाऱ्याला मी आजही आधी तंगूसच देतो. 0.165 मिलिमीटरचा, म्हणजे जपानी मापाने एक नंबरचा. त्याहून जाड घेऊ नये. फ्लुरोकार्बन त्याचाच कडक भाऊ, जरा जास्त गुळगुळीत, पण आमच्या मते त्या पैशात काही विशेष पदरात पडत नाही.

वहिनींनी त्यांच्या डब्यातली सुईत दोरा ओवायची पत्र्याची चकती काढली होती, तारेचं चौकोनी तोंड असलेली. कल्पना झकास. पण ती तार पत्र्यातून निसटते आणि लांबीलाही अपुरी पडते. त्यावरून गिटारची पहिली तार सुचली. ती 0.009 किंवा 0.010 इंचाची मिळते, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आतबाहेर. दुमडून लाकडी मुठीत बसवली की अवजार वर्षानुवर्षं चालतं. जाड दोऱ्याच्या कामाला ती अजूनही आमच्या भिंतीवर टांगलेली आहे, बारीक कामाला मात्र ती नको. तारेचा दुमड टोकाला किंचित फुगीर राहतो आणि तेवढा फुगवटा बारीक दोऱ्याचे वेढे विस्कटायला पुरतो. एका गिऱ्हाइकाने दात साफ करायचा फ्लॉस सुचवला. मेण लावलेला फ्लॉस सुर्रकन निघतो खरा, पण मेणाचा अंश मागे राहतो आणि मेणावर इपॉक्सी धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. सिलिकॉनचंही तेच. दोऱ्याला सुळसुळीतपणा आणायला काहीही फासायचं नाही, हा आमच्याकडे कायदा आहे. हाताला खोबरेल लावून टेबलावर बसणाऱ्याला वहिनी उठवतात.

शेवटी आम्ही ब्रेडवर स्थिरावलो. हा पॉलिथिलीनच्या धाग्यांचा विणलेला गरवायचा दोरा, बाजारात पीई नावाने मिळतो. त्याच्या ताकदीच्या मानाने तो फारच बारीक, आणि अंगाने जात्याच निसरडा. 0.6 नंबरचा पीई साधारण 0.13 मिलिमीटरचा भरतो. ए मापाच्या बारीक दोऱ्याखालून तो गेल्याचं वेढ्यांना कळतही नाही. त्याचे दोष दोन. एक, तो लुळा; तोंड चिमट्याने उघडावं लागतं आणि दोऱ्याचं टोक ब्लेडने तिरकं कापून घ्यावं लागतं. दुसरा, बारीक असल्यामुळे बोट कापतो. त्यावर वीतभर लूपची मागची टोकं आइस्क्रीमच्या काडीला बांधून ठेवणं हा उपाय. आणि ओढायचं सावकाश. पॉलिथिलीन नायलॉनच्या बऱ्याच आधी वितळतं. झटक्याने ओढलं की घर्षणाने तापून लूपचा दुमड झिजतो. दुमड केसाळ दिसला की लूप फेकायचा, त्यात कंजुषी नको.

डी मापाचा जाड दोरा आला की हिशेब बदलतो. अंदमानला जीटीच्या, म्हणजे जायंट ट्रेव्हली या मोठ्या माशाच्या, मागे जाणारे लोक जे पॉपिंग रॉड (पाण्यावर आवाज करणारं आमिष फेकायचे दणकट रॉड) बांधून घेतात, त्यांत खाली एक अस्तराची बांधणी, वर दोन पायांचा दणकट गाइड, त्यावर जाड दोरा. तिथे बारीक ब्रेड जाड दोऱ्याला चिरतो, म्हणून दीड-दोन नंबरचा पीई किंवा गिटारची तार. एका पायाच्या गाइडला रिंगच्या पुढून वेढे घेऊन जो फोरहान लॉक मारतात, त्यात पुढच्या बाजूला चार-पाचच वेढे असतात, तेव्हा पुन्हा सगळ्यात बारीक लूप. आणि जरीसारखा चमकता दोरा, ज्याची शोभेची पट्टी गिऱ्हाईक हमखास मागतं, तो या कामातला खरा छळ आहे. पट्टीच चार-पाच वेढ्यांची, म्हणजे लूप पहिल्या वेढ्यापासून खाली हवा. शिवाय वरचा चमकता पापुद्रा ओढताना सोलला जातो. आम्ही अशा पट्टीचे जादा पैसे घेतो.

एक युक्ती वहिनींची. टोक पूर्ण बाहेर काढून कापलं तर कापलेला बारीक केस वेढ्यांमधून डोकावत राहतो आणि इपॉक्सीत टोचल्यासारखा दिसतो. त्या टोक आधीच मोजून आखूड कापतात, लूप ओढता ओढता ते वेढ्यांखालीच सुटतं, बाहेर येतच नाही. मग गुळगुळीत चमच्याच्या पाठीने वेढे एकमेकांना लावून घ्यायचे. पाहायला सोपं आहे. मला आजही दर वेळी जमत नाही.

पावसाळ्यात, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते आणि समुद्रही खवळलेला, तेव्हा गरवणारेही रॉड आमच्याकडे टाकून जातात. कामाचा हंगाम नेमका दमट हवेचा. इपॉक्सी दमट हवेत दुधाळ होतं, म्हणून वाळवायची मोटर आता बंद खोलीत, डीह्युमिडिफायर लावून फिरते. दुकानातली ती सगळ्यात महागडी खरेदी. 2020 च्या टाळेबंदीत बाहेरून दोऱ्याची रिळं येईनाशी झाली तेव्हा भरतकामाच्या पॉलिएस्टर दोऱ्यावर शोभेची कामं काढली, ती गिऱ्हाइकांना इतकी आवडली की आजही चालू आहेत. फक्त तो दोरा ए मापाहूनही बारीक, त्यामुळे लूपसाठी 0.4 नंबरचा पीई मागवावा लागला.

आता टेबलावर वहिनींसोबत त्यांच्याच ओळखीतल्या दोघी काम करतात. घरी दुरुस्ती करणाऱ्यांसाठी आम्ही पुडी विकतो: ए मापाचा दोरा, दोन गाइड, काड्यांना बांधलेले तीन जाडीचे लूप. पहिल्या पुड्या गेल्यावर फोन आले ते दोऱ्याबद्दल नव्हते, गाइडबद्दलही नव्हते. लूप वेगळे मिळतील का, एवढंच विचारत होते. मिळतात. पाकिटावर दोऱ्याचं माप लिहिलेलं आहे, त्याप्रमाणेच घ्यावेत.