बदकाची पिल्ले घरी उबवताना

आमचे घर कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत, भाताच्या मळ्याला लागून आहे. कोंबड्या आमच्याकडे पूर्वीपासून आहेत. बदके मात्र दोन वर्षांपूर्वी आली. भरपूर अंडी देते म्हणून आम्ही खाकी कॅम्पबेल ही जात घेतली, पण या जातीची मादी सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही, त्यामुळे पिल्ले हवी असतील तर अंडी कोंबडीखाली ठेवावी लागतात किंवा यंत्रात. सासूबाई पूर्वी गावठी कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवत आणि शेवटच्या आठवड्यात त्यांवर रोज कोमट पाण्याचा हबका मारत; परंतु कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात आणि बदकाची २८ दिवसांत, त्यामुळे मधेच उठून जाणाऱ्या कोंबडीचा भरवसा नसे. म्हणून आम्ही थर्माकोलच्या पेटीत बल्ब, तापमान नियंत्रक आणि जुन्या संगणकातला पंखा बसवून घरीच यंत्र तयार केले.

पहिल्या वर्षी १२ अंड्यांतून केवळ 2 पिल्ले बाहेर आली. तिसावा दिवस उलटल्यावर उरलेली अंडी मी फोडून पाहिली, तेव्हा बहुतेकांत पिसांसकट पूर्ण वाढलेले, ओलेचिंब पिल्लू निपचित पडलेले होते. ते पाहून मला फार वाईट वाटले आणि चूक कोठे झाली हे समजल्याशिवाय पुन्हा अंडी लावायची नाहीत, असे मी ठरवले. चूक पाण्याची होती. बदकाच्या अंड्यांना दमटपणा जास्त लागतो, एवढेच ऐकून मी पेटीत पहिल्या दिवसापासून पाण्याची ताटली भरून ठेवली होती. वास्तविक कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून अंड्यातले थोडे पाणी उडून जावे लागते, म्हणजे बोथट टोकाकडची हवेची जागा वाढते आणि पिल्लाला कवच फोडण्यापूर्वी पहिला श्वास तेथे घेता येतो. कोकणातल्या जूनच्या हवेत आणखी ताटलीभर पाणी ठेवल्यावर ती जागा वाढलीच नाही आणि पिल्ले आतल्या आत गुदमरली.

पुढच्या वर्षी २० मे रोजी १४ अंडी लावली. एकही अंडे सात दिवसांपेक्षा जुने नव्हते आणि एकही धुतलेले नव्हते, कारण धुतल्याने कवचावरचा नैसर्गिक लेप जातो आणि जंतूंना वाट मिळते. प्रत्येकावर पेन्सिलीने क्रमांक घातला, आणि एक दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर तोलून वहीत नोंद केली. पंचविसाव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन साधारण १२ ते १४ टक्क्यांनी घटले पाहिजे, हा हिशेब मी समोर ठेवला होता. सहा क्रमांकाचे अंडे ६८.४ ग्रॅमचे होते. आठवड्यात ते सुमारे अडीच ग्रॅमने उतरायला हवे होते, पण भरले ६७.२. या वेळीही आत ठेवलेली पाण्याची ताटली मी त्याच दिवशी काढून टाकली आणि पेटीची भोके रुंद केली. चौदाव्या दिवशी ६४.६, एकविसाव्या दिवशी ६१.४ आणि पंचविसाव्या दिवशी ५९.८ अशी वजने आली, तेव्हा जीव भांड्यात पडला. आर्द्रतामापक खोटे बोलू शकतो, पण अंड्याचे घटलेले वजन खोटे बोलत नाही, असे माझे मत झाले आहे.

तापमान ३७.५ अंश सेल्सिअस ठेवले होते आणि अंडी दिवसातून पाच वेळा फिरवत होते. सातव्या रात्री अंधारात बॅटरीच्या उजेडावर अंडी धरली, तेव्हा ११ अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसल्या. उरलेली तीन बाजूला काढली. अठराव्या रात्री वीज पाच तास गेली. पेटीवर गोधडी टाकून आत गरम पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या, तरी काटा ३१ अंशांपर्यंत उतरला. त्या वयात पिल्लाच्या अंगाची स्वतःची ऊब बरीच असते, म्हणूनच बहुधा ती टिकली. पंचविसाव्या दिवशी नऊ अंडी जिवंत होती. त्या दिवशी फिरवणे थांबवले आणि आता मात्र पाण्याची ताटली परत आत ठेवली, कारण फुटण्याच्या वेळी आतला पापुद्रा ओलसर राहणे गरजेचे असते.

१६ जूनच्या संध्याकाळी पहिल्या अंड्याला टोचा पडला. कान लावला तर आतून बारीक टकटक आणि चिवचिव ऐकू येत होती. टोचा पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला एक ते दोन दिवस लागू शकतात, आणि त्या वेळात ते कवचाच्या शिरांमधले रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असते. हे माहीत असूनही स्वस्थ बसणे फार कठीण जाते. १८ तारखेच्या सकाळपर्यंत सात पिल्ले आपणहून बाहेर आली. एक कवचातच दगावले. सहा क्रमांकाला मात्र भोक तेवढेच होते आणि त्यातून दिसणारा पापुद्रा पिवळट, कागदासारखा कडक झाला होता. इतर पिल्ले काढण्यासाठी मी झाकण वारंवार उघडले, त्याचा हा परिणाम होता. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने मी पापुद्रा भिजवला आणि मसुरीएवढा कवचाचा तुकडा उचलला, तोच खाली एक लाल रेघ दिसली. शीर अजून भरलेली होती, म्हणून तत्काळ हात मागे घेतला, पापुद्रा पुन्हा ओला केला आणि अंडे पेटीत ठेवले. सात तासांनी त्या पिल्लाने गोल फिरत कवच स्वतःच कापले आणि टोपी उडावी तसे वरचे टोक बाजूला पडले.

पिल्लांसाठी आंब्याची रिकामी पेटी घेतली. तळाला आधी वर्तमानपत्र घातले होते. त्यावर पाय घसरून फाकतात हे लक्षात येताच ते काढून गोणपाट अंथरले. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३२ अंशांच्या आसपास ऊब ठेवली आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी केली. आकड्यापेक्षा पिल्लांकडे पाहणे जास्त उपयोगी ठरले: ती एकमेकांवर चढली की थंडी, कडेला पसरून चोच उघडी ठेवू लागली की उष्मा.

खाण्यात माझी मोठी चूक झाली. घरात भाताची कणी मुबलक, म्हणून शिजवलेली कणीच मी जास्त देत होते. दहाव्या दिवशी एक पिल्लू ढोपरांवर बसून सरकू लागले. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी पाहताच नायसिनची उणीव सांगितली. बदकाच्या पिल्लाला हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा अधिक लागते, आणि तांदूळ सडताना ते बरेचसे कोंड्यात निघून जाते. त्यांनी दिलेले औषध पाण्यातून सुरू केले, खाण्यात कोंबडीच्या पिल्लांचे भिजवलेले खाद्य, ताजा कोंडा आणि कुस्करलेले मटार आले, आणि आठवड्याभरात ते पिल्लू इतरांच्या मागे धावू लागले. शेजाऱ्यांनी मायेने देऊ केलेली शेंगदाण्याची पेंड मात्र मी घेतली नाही, कारण तिला पावसाळी बुरशीचा वास येत होता. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशीच्या पेंडीने लाखाहून अधिक टर्की पिल्ले मेली, त्यात बदकाची पिल्लेही दगावली, आणि त्यातूनच अफलाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. बदकाच्या पिल्लांना ते फार थोड्या प्रमाणातही मारक ठरते.

पाणी खाद्याच्या शेजारीच हवे, कारण कोरडा घास त्यांच्या घशात अडकतो, आणि ते इतके खोल हवे की चोच नाकपुड्यांसह बुडावी, पण अंग बुडू नये. मी पसरट भांड्यात गोटे टाकून ठेवले. आईविना वाढणाऱ्या पिल्लांची लव पाण्याने भिजते, कारण आईच्या अंगाचे तेल त्यांना लागत नाही. म्हणून तिसऱ्या आठवड्यात परातीत दहा मिनिटे पोहू दिले की लगेच पंचाने टिपून बल्बखाली ठेवत असे. सहाव्या आठवड्यात ती मळ्याच्या बांधावर जाऊ लागली. मुंगुसाच्या भीतीने सासूबाई काठी घेऊन सोबत बसत. त्याच सुमारास आवाज फुटले: पाच जणी मोठ्याने कॅक-कॅक करू लागल्या, तिघांचा आवाज घोगराच राहिला, आणि माद्या किती नि नर किती ते कळले. यांपैकी एकच नर ठेवला.

नोव्हेंबरच्या मध्याला गवताखाली पहिले अंडे सापडले, ५८ ग्रॅमचे. जानेवारीत या माद्यांची दहा अंडी लावली आहेत. हवा आता कोरडी आहे. सातव्या दिवशी तोलले, तेव्हा घट जरुरीपेक्षा थोडी जास्तच भरली, म्हणून या वेळी पाण्याची ताटली पहिल्याच आठवड्यात आत ठेवली आहे.